जुना कॅमेरा घेताना

आपल्या महाविद्यालयात गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवे वेड शिरले आहे. खिशात उत्तम कॅमेऱ्याचा फोन बाळगणारी मुले-मुली खांद्याला आजोबांच्या काळातला लोखंडी कॅमेरा लटकावून स्नेहसंमेलनात फिरताना दिसतात. आमच्या काही गुरुजनांना याचे हसू येते, आणि ते साहजिकच आहे; कारण त्यांच्यापैकी अनेकांनी तसलाच कॅमेरा मोठ्या समाधानाने माळ्यावर टाकून दिला होता. हे वेड चांगले की वाईट, या वादात मला शिरायचे नाही. रोलमध्ये ३६च फोटो आहेत हे ठाऊक असले की माणूस बटण दाबण्यापूर्वी थोडा विचार करतो, हा एक लाभ मी स्वतः अनुभवला आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून साधा आणि व्यावहारिक आहे. जुना, फिल्मचा कॅमेरा विकत घ्यायचा झाल्यास काय पाहावे आणि काय टाळावे?

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की आमच्या तालुक्याच्या गावी माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. २००८ साली त्यांनी डार्करूम मोडून तिथे झेरॉक्सचे यंत्र बसवले, पण दुरुस्तीची पेटी आणि दहा-बारा कॅमेरे त्यांनी टाकले नाहीत. सुट्टीत त्या पेटीजवळ बसून जे शिकलो, ते वर्गमित्रांना कॅमेरे निवडून देताना उपयोगी पडले. तेच येथे क्रमाने सांगतो.

आधी फिल्म, मग कॅमेरा

बाजारात गेल्यावर आपण कॅमेऱ्याच्या रूपावर भाळतो. वास्तविक पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की या कॅमेऱ्याला लागणारा रोल आज मिळतो का? कारण कॅमेरा शंभर वर्षे टिकेल, पण त्याचे खाद्य बंद झाले असेल तर तो कपाटातली शोभेची वस्तू होय.

आज निर्धास्तपणे घ्यावेत असे दोनच प्रकार आहेत. एक ३५ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीचा छोट्या डबीतला रोल. आणि दुसरा १२० नंबरचा, कागदी पाठीचा रुंद रोल. या दोन्हींत कृष्णधवल आणि रंगीत फिल्म आजही तयार होते. इतर प्रकारांची कथा मात्र दुःखद आहे. कोडॅकने १९६३ साली १२६ नंबरची चौकोनी कॅसेट आणली, १९८२ साली चकतीच्या आकाराची डिस्क फिल्म आणली, आणि १९९६ साली इतर कंपन्यांच्या सोबतीने एपीएस नावाची पद्धत आणली. यांपैकी एकाचीही ताजी फिल्म आज दुकानात मिळत नाही; एपीएसची निर्मिती २०११ साली थांबली. हे कॅमेरे बाजारात स्वस्त दिसतात त्याचे कारण हेच. ६२० नंबरचा रोल कोडॅकने १९९५ साली बंद केला, मात्र त्यातली फिल्म १२० इतकीच रुंद असल्याने ती अंधारात ६२०च्या बारीक रिळावर गुंडाळून वापरता येते. हा उद्योग हौशी माणसाने करावा, नवशिक्याने नव्हे. १९७२ सालच्या ११० नंबरच्या चिमुकल्या कॅसेटला २०१२ पासून एका परदेशी कंपनीने पुन्हा जीवदान दिले आहे. तथापि ती आपल्याकडे सहजी मिळत नाही, आणि तिची निगेटिव्ह नखाएवढी असते.

जुन्या कॅमेऱ्याबरोबर पुष्कळदा जुने रोलही मिळतात. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' छापाचा रोल मिळाला तर तो आठवण म्हणून जपून ठेवावा. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यावर काढू नयेत.

यांत्रिक की विजेवरचा?

दुसरा प्रश्न असा, की कॅमेऱ्यात सेल नसताना तो चालतो का? जुन्या कॅमेऱ्यांच्या ढोबळमानाने दोन जाती आहेत. एका जातीत शटर स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालते. सेल असलाच तर तो केवळ प्रकाश मोजण्यापुरता. दुसऱ्या जातीत शटरच विजेवर चालते. सेल संपला की कॅमेरा बसला.

पेंटॅक्स के-१००० हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनलेला कॅमेरा पहिल्या जातीचा उत्तम नमुना. निकॉनचा १९८२ सालचा एफएम-२ हाही तसाच. त्याचे शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत धावते आणि तरीही त्यासाठी सेल लागत नाही. याउलट कॅननचा एई-१, हाही १९७६ सालचाच, सेलाशिवाय एकही फोटो काढत नाही. म्हणून तो वाईट असे नव्हे. त्यातली स्वयंचलित सोय नवशिक्याला फार उपयोगी पडते. पण मुख्य भेद ध्यानात ठेवावा. यांत्रिक कॅमेरा बिघडला तर हाताची कला असलेला कारागीर तो बहुधा सुधारू शकतो. विजेचा कॅमेरा आतल्या सर्किटमुळे बिघडला, तर तो भाग आज कोणी बनवत नाही. तसाच दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्याचा अवयव काढावा लागतो.

याच कारणाने मी मित्रांना एका मोहापासून परावृत्त करतो. खिशात मावणारे, आपोआप फोकस करणारे नव्वदीतले छोटे कॅमेरे (ऑलिंपसचा म्यू किंवा १९९० सालचा काँटॅक्स टी-२) सिनेनट-नट्यांच्या हाती दिसल्यापासून भलतेच महागले आहेत. ते फोटो सुंदर काढतात यात शंका नाही. पण त्यांचे सर्व जीवन एका लहानशा मोटारीवर आणि सर्किटवर अवलंबून असते. विद्यार्थ्याने वर्षभराची शिल्लक त्यात घालावी, हे मला पटत नाही.

शटर : कानांनी पाहायची वस्तू

आता कॅमेरा हातात घेऊ. काका म्हणतात, "भिंग डोळ्यांनी बघायचं, शटर कानांनी." प्रथम आत रोल नाही याची खात्री करून मागचे झाकण उघडावे. शटर एका सेकंदावर लावून बटण दाबावे. सेकंद म्हणजे सेकंदच भरला पाहिजे. मग अर्धा, पाव, असे करत एकेक पायरी चढावी. प्रत्येक पायरीला आवाज आखूड होत गेला पाहिजे. जुने वंगण गोंदासारखे घट्ट झाले असेल तर सेकंदाचे दोन-अडीच सेकंद होतात, किंवा शटर मध्येच अडकते. हा दोष साफसफाईने जातो, पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

वरच्या वेगांची परीक्षा मात्र डोळ्यांनीच करावी लागते. भिंग निघत असल्यास काढावे, कॅमेरा उजेडाच्या खिडकीकडे धरावा आणि मागून पाहत ५०० व १००० वर शटर मारावे. क्षणभर दिसणारा प्रकाशाचा चौकोन सर्वत्र सारखा हवा. एक कडा काळी राहत असेल तर पडद्यांची चाल बिघडली आहे. या शटरात दोन पडदे असतात; पहिला पुढे धावतो, दुसरा त्याच्या पाठोपाठ, आणि दोहोंमधल्या फटीतून फिल्मवर प्रकाश पडतो. वेग जितका जास्त तितकी फट अरुंद. पहिला पडदा आळसावला की दुसरा त्याला वाटेतच गाठतो आणि फट मिटते.

हा दोष काय करतो ते आमच्या वसतिगृहातल्या एका मित्राने पाहिले. आषाढीच्या वारीत आजोबांबरोबर तो चार मुक्काम चालला. सोबत नुकताच घेतलेला जुना कॅमेरा होता. विकणाऱ्याने त्याला शटर ६०च्या वेगावर चालवून दाखवले होते, आणि त्या वेगावर ते ठीकही होते. वारीत मात्र ४०० नंबरची फिल्म आणि दिवसाउजेडी काम, म्हणून त्याने बहुतेक फोटो ५००वर काढले. डोळा लावायच्या खिडकीतून सगळे नेहमीसारखेच दिसत होते. बटण दाबले की आवाजही येत होता. तीन रोल धुऊन आले तेव्हा काही निगेटिव्ह अर्धे कोरे होते आणि बाकीचे पूर्ण कोरे. दिवाळीपूर्वी आजोबा गेले. त्यांच्या शेवटच्या वारीचे सात-आठ अर्धे फोटो आज त्याच्याजवळ आहेत. पाच मिनिटांच्या तपासणीचे मोल काय, हे सांगायला मला याहून वेगळे उदाहरण नको.

पडदे कापडाचे असतील तर अंधाऱ्या खोलीत त्यांच्यामागे विजेरी धरून भोके आहेत का पाहावे. पडद्याला बोट मात्र कधीही लावू नये. घडीच्या कॅमेऱ्यात हीच परीक्षा भात्याची करावी. त्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांत सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडतात आणि प्रत्येक फोटोवर पांढरे डाग येतात.

भिंग आणि बुरशी

आपल्या हवेत भिंगाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे बुरशी. कोकणातला चार महिन्यांचा पावसाळा आणि त्यात कॅमेरा चामड्याच्या पेटीत बंद. बुरशीला याहून चांगले माहेर कोणते? चामडे ओल धरून ठेवते. म्हणून पेटी जितकी देखणी, तितके भिंग अधिक बारकाईने पाहावे, असा माझा नियम आहे.

पाहण्याची रीत अशी. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे, एका बाजूने विजेरीचा झोत तिरका टाकावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नये, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू कडेपासून आत पसरलेले दिसले तर ती बुरशी. आरंभीची बुरशी पुसता येते. जुनी बुरशी काचेवरचा लेप खाऊन टाकते, आणि तो परत येत नाही. संपूर्ण भिंगावर धुके बसल्यासारखे दिसले तर तेही टाळावे. असे भिंग उन्हाकडे वळले की फोटो फिकट, दुधाळ येतात.

त्यानंतर छिद्राची पाती पाहावीत. ती कोरडी हवीत आणि चटकन मिटली पाहिजेत. तेल उतरलेली पाती हळूहळू मिटतात, तोवर फोटो निघून गेलेला असतो.

घेतल्यावर भिंग चामड्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून वापरावे. वापरात असलेल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा धरत नाही.

सेल आणि प्रकाशमापक

सेलाचे झाकण उघडून पाहण्याचे पुष्कळजण विसरतात. आत हिरवी-पांढरी पूड दिसली तर जुना सेल फुटून गळला आहे. पूड थोडी असेल तर ती स्वच्छ करता येते. पण गंज आतल्या तारांपर्यंत गेला असेल तर मापक गेला असे समजावे. एक गोष्ट कुठेही तपासायला निघताना खिशात टाकावी : एलआर-४४ जातीचे दोन बटण-सेल. के-१००० आणि एफएम-२ सारख्या कित्येक कॅमेऱ्यांना तेच लागतात. "सेल नाही, म्हणून मापक दाखवता येत नाही" हे उत्तर मग उरत नाही.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या मिनोल्टा एसआर-टी १०१, ऑलिंपस ओएम-१, याशिका मॅट १२४-जी अशा कॅमेऱ्यांत पाऱ्याचे १.३५ व्होल्टचे सेल असत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते बंद झाले. त्याच आकाराचा साधा १.५ व्होल्टचा सेल घातला, तर मापकाला प्रकाश आहे त्याहून अधिक वाटतो आणि फोटो काळपट येण्याचा संभव असतो. यावर तोड म्हणजे श्रवणयंत्रात वापरतात ते १.४ व्होल्टचे झिंक-एअर सेल, एक छोटी कडी बसवून. १९६६ सालच्या याशिका इलेक्ट्रो ३५ला ५.६ व्होल्टचा सेल लागे. तिथे ६ व्होल्टचा सेल पट्टी लावून बसवला तरी काम भागते.

काही कॅमेऱ्यांत सेल नसतोच. भिंगाभोवती किंवा वरच्या अंगाला मधमाशांच्या पोळ्यासारखी खडबडीत काच असते. ती सेलेनियमची पट्टी, ती प्रकाशावरच वीज निर्माण करते. वर्षानुवर्षे उजेडात पडून ती पुष्कळदा निकामी झालेली असते. ऑलिंपस ट्रिप ३५ची परीक्षा सोपी आहे. कॅमेरा 'ए' वर ठेवून भिंगाभोवतीची काच तळहाताने झाकावी आणि बटण दाबावे. खिडकीत लाल पट्टी वर आली आणि शटर अडले, तर मग हात काढून उजेडात पुन्हा दाबावे. आता शटर सुटले पाहिजे. दोन्ही घडले तर यंत्रणा जिवंत आहे.

आणि मापक बंदच निघाला तरी सर्व काही संपले असे नाही. स्वच्छ उन्हात छिद्र १६वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या नंबराच्या जवळपास ठेवावा. १०० नंबरला १२५, २०० नंबरला २५०. ढग आले, सावली आली की छिद्र एकेक घर उघडत जावे. काकांच्या गुरूंनी सारी उमेद याच हिशोबावर काढली. मात्र बंद मापकाचा कॅमेरा चालू मापकाच्या भावाने घेऊ नये, एवढेच.

किरकोळ दिसणाऱ्या पण महत्त्वाच्या गोष्टी

मागच्या झाकणाच्या खाचेत आणि आरशाच्या वर काळा स्पंज असतो. तीस-चाळीस वर्षांत तो डांबरासारखा चिकट होतो किंवा भुगा होऊन पडतो. त्याने घाबरून चांगला कॅमेरा सोडू नये. स्पंज नवा लावणे हे एका दुपारचे काम आहे.

एखादा वाया गेलेला रोल जवळ ठेवावा आणि कॅमेऱ्यात चढवून पाहावा. प्रत्येक वेळी फिल्म पुढे सरकवताना डावीकडची रोल परत गुंडाळायची खुंटी आपोआप फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर फिल्म सरकत नाही आणि आपण हवेत फोटो काढत आहोत. खरा रोल घातल्यावरही ही सवय ठेवावी.

जोडचित्राने फोकस करणाऱ्या कॅमेऱ्यांत, म्हणजे रेंजफाइंडरमध्ये, दूरच्या मनोऱ्याकडे पाहून भिंग अनंतावर फिरवावे. दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत.

लायका नावाची भूल

चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कधीतरी सोनेरी मुलाम्याचा, जर्मन गरुड कोरलेला 'लायका' पुढे येतो आणि घेणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. खऱ्या लायकाची विक्री १९२५ साली सुरू झाली. तिची नक्कल म्हणून सोव्हिएत संघात १९३४ पासून फेड नावाचा कॅमेरा बनू लागला, आणि पुढे १९४८ पासून झोर्की. पुढे कोणीकोणी याच फेड-झोर्कींवरचे मूळ नाव घासून 'लायका' कोरले. ओळखण्याची खूण अशी : भिंग काढल्यावर आत वरच्या बाजूला जो लहान दांडा दिसतो, त्याच्या टोकाशी खऱ्या लायकात गोल फिरते चाक असते, नकलेत बहुधा भरीव तुकडा असतो.

फेड किंवा झोर्की म्हणूनच, त्यांच्या भावाने घेतले तर ते टाकाऊ नाहीत. त्यांना एक पथ्य आहे. शटरचा वेग बदलायचा तो फिल्म पुढे सरकवल्यानंतरच. आधी बदलल्यास यंत्र दुखावण्याची भीती असते. आपल्याकडे घरोघर पोचलेला रशियन झेनिट-ई हाही दणकट. मात्र त्यात ३०च्या खालचे वेगच नाहीत, हे ठाऊक असावे. नाही तर ते बिघडले आहेत असा समज होतो.

भाव आणि भाषा

विक्रेत्याच्या शब्दांचे अर्थ नीट लावावेत. "तपासलेला नाही" याचा अर्थ पुष्कळदा तपासला आहे आणि चालत नाही, असा असतो. "शोसाठी उत्तम" हे निदान प्रामाणिक तरी असते. "आवाज येतो, म्हणजे चालतो" हे सर्वांत फसवे. आवाज कशाला म्हणतात ते वर आलेच आहे. "याच्यावर फोटो काढला आहे का, आणि तो दाखवता का?" हा प्रश्न विचारावा. ज्याच्याकडे दाखवायला फोटो आहे आणि जो आठवडाभरात परत घेण्याचे मान्य करतो, त्याला थोडे जास्त पैसे द्यावेत. ते वाया जात नाहीत.

हिशोबही केवळ कॅमेऱ्याचा करू नये. रोल, धुलाई, स्कॅन, आणि एकदाची साफसफाई हे सर्व धरून वर्षाला किती रोल परवडतील ते आधी मांडावे. सगळे पैसे कॅमेऱ्यात घालून रोलासाठी हात पसरणारे मित्र मी पाहिले आहेत. ज्यांना काटकसर हवी त्यांनी अर्ध्या चौकटीचा कॅमेरा पाहावा. ऑलिंपसचा पेन १९५९ सालापासूनचा, आणि पेंटॅक्सने २०२४ साली '१७' नावाचा नवा कोराच काढला आहे. ३६च्या रोलमध्ये ७२ फोटो निघतात, निगेटिव्ह मात्र निम्मी.

पहिला रोल

कॅमेरा घरी आला की पहिला रोल केवळ परीक्षेसाठी खर्च करावा. वहीत प्रत्येक फोटोचा क्रमांक, वेग आणि छिद्र लिहावे. सर्व वेग वापरावेत, जवळचे-दूरचे, उन्हातले-सावलीतले विषय घ्यावेत. रोल धुऊन आला की वही शेजारी ठेवून निगेटिव्ह पाहावेत. दोष कुठे आहे ते आपोआप कळते. हा रोल हाती येईपर्यंत कोणाचे लग्न, कोणाची वारी, कोणाचा निरोपसमारंभ त्या कॅमेऱ्यावर घेऊ नये. घ्यायचाच झाला तर फोनही सोबत चालवावा. त्यात कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती, विशेषतः आमच्या प्राध्यापकवर्गाला. सर्वांत चांगला जुना कॅमेरा बाजारात मिळत नाही. तो ज्याने पहिल्यांदा घेतला आणि जपून वापरला त्याच्या घरी असतो. आपल्या माळ्यावर असा एखादा पडला असेल तर तो भंगारात घालण्यापूर्वी आम्हाला एकदा पाहू द्यावा. चालत असल्यास तो आपल्यालाच परत करू, वाटल्यास एक रोल भरून. आणि आत एखादा अर्धवट राहिलेला रोल असेल, तर मागचे झाकण कृपया उघडू नये. त्यात कोणाचा चेहरा शिल्लक असेल ते सांगता येत नाही.